पानं लागतात तेव्हा

"आज त्याला पानं लागतायत."

गौरी-गणपतीत पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात रात्री अकरानंतर जा, हे वाक्य हमखास कानावर पडतं. आरत्या झालेल्या असतात, भजनी मंडळी चहा पिऊन पुढच्या घरी गेलेली असतात, जागरण तर करायचंच असतं. मग चटई अंथरली जाते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. एका कोपऱ्यात पोरांचा मेंढीकोट, दुसऱ्या कोपऱ्यात मोठ्यांची तीन पत्ती. रुपया-दोन रुपयांची बूट. कुणी एक काका सलग तीन-चार डाव ओढतात आणि बाकीचे मान हलवून म्हणतात, आज त्याला पानं लागतायत. मग कुणीतरी कॅट बदला म्हणतो, कुणी जागा बदलून बसतो, कुणी पिसणाऱ्यालाच बदलायला लावतो.

या वीकेंडला मला या एका वाक्याबद्दल लिहायचंय. कारण हे वाक्य आता चटईवरून उठून मोबाईलमध्ये गेलंय आणि तिथून आपल्यासारख्यांच्या डिमॅट अकाउंटमध्ये. तिथे बूट रुपयाची नसते.

नीट बघितलं तर या वाक्यात तीन विधानं आहेत. एक, तो आत्तापर्यंत जिंकला. दोन, त्या जिंकण्याला त्याच्यातलं किंवा आजच्या रात्रीतलं काहीतरी कारण आहे. तीन, म्हणून पुढचा डावही त्याचाच. यातलं पहिलं विधान डोळ्यांनी दिसतं. दुसरं आणि तिसरं आपण पदरचं घालतो, आणि इतक्या सहज घालतो की घातलंय हे कळतसुद्धा नाही.

आधी तीन पत्तीचं गणित करून टाकू, सोपं आहे. बावन्न पानांतून तीन पानं निवडण्याचे एकूण प्रकार २२,१००. त्यात ट्रेल, म्हणजे एकाच अंकाची तीन पानं, ५२ प्रकारे येते. प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० प्रकारांत हातात काहीही नसतं, म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा तुमच्याकडे नुसतं मोठं पान असतं आणि चेहरा सांभाळावा लागतो. (जाता जाता गंमत. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, ४८ विरुद्ध ५२. पण खेळात ट्रेल मोठी. नियम ज्यांनी बसवले त्यांनी मोजायचा कंटाळा केलेला दिसतो. :))

आता रात्री अकरा ते पहाटे चार, तासाला तीसेक डाव, म्हणजे दीडशे डाव. सहा जण खेळतायत, म्हणजे नऊशे हात वाटले गेले. ट्रेल येण्याचं प्रमाण ४२५ हातांत एक. म्हणजे एका रात्रीत, एका चटईवर, सरासरी दोन ट्रेल येणारच. एखाद्या रात्री दोन आल्या तर त्या दोन्ही एकाच माणसाला जाण्याची शक्यता सहात एक. आळीत अशी सहा घरं असतील तर एका घरात एक हीरो तयार! तो माणूस पुढची दहा वर्षं ती रात्र सांगत राहतो. बाकीच्या पाच घरांतलं कुणी काहीच सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही झालेलंच नसतं.

सलग जिंकण्याचंही तसंच. समजा सहाही जणांना प्रत्येक डाव जिंकण्याची अगदी सारखी संधी आहे, कुणी हुशार नाही, कुणी बावळट नाही. तरीही दीडशे डावांत कुणीतरी सलग तीन डाव जिंकणं जवळजवळ ठरलेलं आहे. सलग चार डाव जिंकल्याचं दृश्य दिसण्याची शक्यताही चाळीस टक्क्यांच्या वर जाते. कोण, हे आधी सांगता येत नाही. कुणीतरी, एवढं मात्र खात्रीने सांगता येतं.

विश्वास बसत नसेल तर पायथॉनमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा. शंभर वेळा नाणं उडवा आणि सगळ्यात लांब छाप्यांची रांग मोजा. हेच लाखभर वेळा करा. शंभर नाण्यांत सलग पाच छापे ८१ टक्के वेळा सापडतील, सलग सहा छापे जवळजवळ ५५ टक्के वेळा. आणि एखाद्या मित्राला म्हणा की मनानेच शंभर छापा-काटे लिहून दाखव. तो चारच्या पुढे जायला घाबरेल. चार छापे लिहून झाले की त्याला वाटतं आता काटा यायला हवा, नाहीतर खोटं वाटेल. आपल्या डोक्यातला योगायोग खऱ्या योगायोगापेक्षा फारच सपाट असतो. त्यामुळे खरा योगायोग समोर आला की आपल्याला त्यात हेतू दिसायला लागतो.

महाराष्ट्रात या हेतू शोधण्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला. मुंबईत कापसाच्या भावांवर आकडे लावायचे, न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधून तारेने येणाऱ्या दरांवर. ते बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगतने वरळीला आणि १९६४ साली रतन खत्रीने स्वतःचा मटका सुरू केला. पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक हा आकडा. सिंगल लागला तर रुपयाला नऊ. दहा आकडे, आणि मिळणार नऊ रुपये. म्हणजे रुपयामागे दहा पैसे कायमचे गेले, हे चौथीतल्या मुलाला कळेल. तरीही टपरीवर जुन्या आकड्यांचे चार्ट घेऊन माणसं तासन्‌तास बसायची, 'सत्ता बरेच दिवस आला नाही, आज येणार' म्हणत. शेजारचा म्हणायचा, 'छक्का चालतोय, छक्काच लाव.' दोघांची थिअरी एकमेकांच्या बरोब्बर उलटी, चार्ट मात्र एकच. कालचे आकडे पानांना माहीत नसतात, एवढी साधी गोष्ट त्या चार्टवर कुठेच छापलेली नसायची.

इथे क्रिकेटवाले हात वर करतील. म्हणतील, अरे पण फॉर्म नावाची गोष्ट असतेच की! रास्त आहे. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी बास्केटबॉलचे आकडे तपासून म्हटलं की 'हात गरम असणं' हा भास आहे. पुढे २०१८ साली मिलर आणि सानहुर्हो या दोघांनी दाखवलं की त्या मोजणीच्या पद्धतीतच एक बारीक चूक होती आणि ती सुधारली तर हात थोडासा गरम असू शकतो. म्हणजे हा वाद वाटतो तितका सोपा नाही. पण बास्केटबॉलपटूला हात असतो, मन असतं, थकवा असतो. नीट पिसलेल्या कॅटला यातलं काहीच नसतं.

तर आता मुख्य मुद्द्याकडे. त्यासाठी एक प्रयोग करू, मनातल्या मनात.

रोह्याहून दिव्याकडे निघणाऱ्या मेमूत १,०२४ लोक बसवू. प्रत्येकाच्या हातात एक नाणं. नियम असा की प्रत्येक स्टेशन आलं की नाणं उडवायचं. काटा पडला तर उतरायचं, छापा पडला तर बसून राहायचं. निडीला साधारण निम्मे उतरले, ५१२ उरले. नागोठण्याला २५६. कासूला १२८. पेणला ६४. हमरापूरला ३२. जित्याला १६. आपट्याला ८. रसायनीला ४. सोमटण्याला २. आणि पनवेलच्या फलाटावर गाडी लागते तेव्हा आत सरासरी एकच माणूस उरलेला असतो, सलग दहा छापे मारलेला.

आता विचार करा, पनवेलला कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्या लोकांना काय दिसेल? त्यांना निडीला उतरलेले पाचशे लोक दिसत नाहीत. त्यांना दिसतो एक माणूस. ते त्याला विचारणार, सर, तुमचं रहस्य काय? आणि तो काहीतरी सांगणारच. नाणं अंगठ्याच्या नखावर ठेवतो. सकाळी चार वाजता उठतो. भावनांवर ताबा ठेवतो. यातला एकही शब्द तो खोटं बोलत नसेल. तो खरंच चारला उठत असेल. पण निडीला उतरलेल्यांपैकीही कितीतरी जण चारला उठत होते. रोह्याची गाडी पकडायची म्हणजे उठावंच लागतं!

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. पोकर म्हणजे नाणं नव्हे. बरोबर. १९६७ साली आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं काय टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पानांचा फ्लश मात्र निव्वळ नशिबाचा. त्यानंतरची कित्येक वर्षं ऑनलाइन रमी आणि पोकरवाल्या कंपन्या याच वाटेवरून वाद घालत आल्या. माझ्या मते पोकरबद्दलचा त्यांचा दावा खरा आहे. पोकरमध्ये कौशल्य आहे. कधी पानं टाकायची, समोरचा किती लावतो यावरून त्याच्याकडे काय असेल, पॉटमध्ये किती आहे आणि मला किती घालावे लागतील, हे सगळं शिकता येतं आणि चांगला खेळाडू दीर्घकाळात वाईट खेळाडूला हरवतोच.

पण 'दीर्घकाळात' या शब्दावरून आपण सगळे भरधाव पुढे जातो. दीर्घ म्हणजे किती?

पोकरमध्ये कमाई मोजतात ती दर शंभर हातांमागे किती बिग ब्लाइंड मिळाले यात. शंभर हातांमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारा माणूस उत्तम खेळाडू समजला जातो. पण शंभर हातांमागचं स्टँडर्ड डिव्हिएशन असतं ऐंशी ते शंभर बिग ब्लाइंड. नव्वद धरू. म्हणजे सिग्नल पाचचा आणि आवाज नव्वदचा. दहा हजार हात खेळल्यावर त्याचा हिशोब येतो 'पाच, अधिक-उणे अठरा'. म्हणजे उत्तम खेळाडू दहा हजार हातांनंतरही तोट्यात असू शकतो आणि सुमार खेळाडू खुशाल फायद्यात. एक लाख हात खेळल्यावर 'पाच, अधिक-उणे साडेपाच'. म्हणजे लाख हातांनंतरसुद्धा शून्य शिल्लक आहेच! समोरासमोर बसून तासाला तीस हात होतात. रोज रात्री सहा तास खेळलात, एकही रात्र न चुकवता, तर लाख हात व्हायला दीड वर्ष लागेल.

हे मी फुगवून सांगत नाही. आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण बघा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ साली क्लॉडिको नावाचा प्रोग्रॅम चार व्यावसायिक पोकरपटूंसमोर उतरवला. ८०,००० हात झाले. माणसं सात लाख बत्तीस हजार डॉलरच्या चिप्सनी पुढे होती. आणि संशोधक म्हणाले, ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरी आहे! पोकरवाले चिडले, सोशल मीडियावर टिंगल झाली, पण विज्ञानात ९५ टक्के खात्रीची जी नेहमीची अट असते ती ऐंशी हजार हातांनीही पूर्ण होत नव्हती. म्हणून २०१७ साली लिब्राटस हा पुढचा प्रोग्रॅम आला तेव्हा हात वाढवून १,२०,००० केले, वीस दिवस खेळवले. शिवाय तीच पानं उलटसुलट करून दोन वेगवेगळ्या खेळाडूंना वाटली, म्हणजे नशिबाचा वाटा शक्य तितका कापला जाईल. या वेळी प्रोग्रॅम साडेसतरा लाखांहून जास्त चिप्सनी जिंकला आणि मग कुणी वाद घातला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. खेळात कौशल्य असणं ही एक गोष्ट आणि तुमच्या जिंकण्यात ते कौशल्य असणं ही दुसरी गोष्ट. कोर्टाने पहिलीबद्दल निकाल दिला. दुसरीबद्दल निकाल फक्त मोजणी देऊ शकते, आणि ती मोजणी पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी आपण निकाल जाहीर करून मोकळे होतो.

माझा एक मित्र आहे रोह्याचा. शाळेपासून गणितात माझ्यापेक्षा पुढे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी, घरी आई-वडील, लहान बहीण शिकत होती. काही वर्षांपूर्वी तो एका ॲपवर पोकर खेळायला लागला. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून, नोंदी ठेवून. उडाणटप्पूपणा अजिबात नाही. सहा आठवड्यांत त्रेसष्ट हजार रुपये कमावले आणि मला फोन करून म्हणाला, नोकरी सोडतोय. मी विचारलं, किती हात झाले? म्हणाला, नऊ हजार. बिग ब्लाइंड पन्नास रुपयांचा.

हिशोब करू. त्रेसष्ट हजार म्हणजे १,२६० बिग ब्लाइंड. नव्वद शंभरांमध्ये वाटले तर दर शंभराला चौदा. आकडा जबरदस्त आहे. पण नऊ हजार हातांवर चूक येते अधिक-उणे एकोणीसची. म्हणजे तो शंभर हातांमागे तेहतीस कमावणारा अवलिया असू शकतो, किंवा पाच घालवणारा साधा माणूस. दोन्ही शक्यता त्याच्याच नोंदवहीत बसतात. मी हे सांगितलं. तो म्हणाला, तू कागदावर बोलतोयस, मला टेबलावर जाणवतं. आणि मला वाटतं तो अगदी मनापासून बोलत होता. जिंकत असताना तसं जाणवतंच. आपण घेतलेला प्रत्येक निर्णय आठवतो, आलेली पानं आठवत नाहीत. हरताना नेमकं उलटं होतं.

त्याने नोकरी सोडली. अकरा महिन्यांनी साठवलेले सगळे संपवून परत नोकरीला लागला, पहिल्यापेक्षा कमी पगारावर. बहिणीच्या फीसाठी वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढलं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. तो हरला म्हणून मी बरोबर ठरत नाही. तो जिंकला असता तरी त्या दिवशीचा पुरावा तितकाच तोकडा होता. निकालावरून निर्णयाची किंमत करणं हीच तर 'पानं लागतायत'वाली चूक आहे, फक्त उलट्या दिशेने. हे आपल्याला पचत नाही. पोरगं जिंकलं की 'बघा, हिंमत केली' आणि हरलं की 'सांगत होतो ना'. दोन्ही वेळा आपण फक्त शेवटचं पान बघून बोलतो.

आता चटईवरच्या खेळात आणि ॲपवरच्या खेळात फरक काय होता ते बघा. गणपतीतल्या तीन पत्तीत पैसा घरातल्या घरात फिरतो. काका जिंकले तर सकाळी त्यांच्याच पैशाने सगळ्यांना मिसळ. कुणीही मधल्यामधे कमिशन घेत नाही आणि विसर्जन झालं की कॅट कपाटात जातो. (पैसे लावून खेळणं कायद्याने चालत नाही, हेही लक्षात असू द्या.) ॲपवर प्रत्येक पॉटमधून रेक कापला जायचा. पाच टक्के धरा. सगळे खेळाडू सारखेच असतील तर सगळेच हळूहळू हरणार, कारण टेबलाला खाली भोक आहे. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस आला, ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. एवढं सगळं ओलांडून फायद्यात राहायचं तर नुसतं चांगलं असून भागत नव्हतं, भोकापेक्षा मोठं असावं लागत होतं. आणि तिथे विसर्जनाचा दिवस नव्हता. कॅट कधीच कपाटात जात नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. मोठ्या ॲप्सनी पैशाचे खेळ बंद केले. बंदीने सगळे प्रश्न सुटतात असं मला वाटत नाही, परदेशी साइट्सचे दरवाजे किलकिले असतातच. पण कौशल्य-नशीब हा वाद बाजूला ठेवला हे मला पटतं. तो वाद खेळाबद्दल होता. नुकसान खेळणाऱ्याचं होत होतं.

तरी आपल्या ऑफिसातल्या मंडळींनी लगेच हुश्श करू नये. आपल्यापैकी पोकर खेळणारे थोडेच होते. ऑप्शन्स करणारे मात्र प्रत्येक मजल्यावर सापडतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचे आकडे दिले. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. जुलै २०२५ मध्ये पुढच्या वर्षाचे आकडे आले, ९१ टक्के तोट्यात आणि एका वर्षाचा तोटा एक लाख पाच हजार कोटींहून जास्त. हे आकडे सगळ्यांनी वाचलेत. तरी कॅन्टीनमध्ये भेटतो तो प्रत्येक जण उरलेल्या सात-नऊ टक्क्यांतला कसा?

कारण इथे विजयी मालिका आणखी सोप्या पद्धतीने तयार करता येते. समजा तुम्ही दर आठवड्याला एक ऑप्शन विकता. शंभरातले ९५ आठवडे पाच हजार मिळतात. पाच आठवडे एक लाख वीस हजार जातात. गुणाकार करा. ४,७५० रुपये येणार आणि ६,००० रुपये जाणार, म्हणजे दर आठवड्याला सरासरी सव्वा हजाराचा खड्डा. वाईट सौदा. पण हा वाईट सौदा करणाऱ्या शंभर लोकांपैकी सुमारे छत्तीस जणांचे पहिले वीस आठवडे एकही तोटा न होता जातील! पाच महिने, वीसपैकी वीस, हातात लाख रुपये. ही छत्तीस माणसं कोर्स विकायला लागतात. आणि त्यांचा स्क्रीनशॉट खोटा नसतो, हीच खरी पंचाईत आहे. किती वेळा जिंकलो हे सांगणारा माणूस, हरलो तर किती हरेन हे सांगत नाही, कारण ते अजून घडलेलंच नसतं.

महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट आहे. आपल्याला त्यातली दमयंती आणि हंस आठवतात. नळ पुष्कराशी अनेक महिने फासे खेळत राहिला आणि हरत राहिला. राज्य गेलं. पुढे बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी म्हणून रथ हाकत असताना वाटेत एक बेहड्याचं झाड लागलं. तेच बेहडे, जे आपल्या रायगडच्या जंगलात पायाखाली येतात आणि ज्यांचे पूर्वी फासे करायचे. राजाने नुसतं बघून त्या झाडाची पानं-फळं किती ते सांगितलं. नळाने रथ थांबवला आणि म्हणाला, मी मोजणार. राजाला उशीर होत होता, तरी तो ऐकेना. मोजलं, आकडा बरोबर निघाला. मग त्याने राजाकडून ती संख्येची विद्या घेतली, बदल्यात घोड्यांची विद्या दिली. त्यानंतरच त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते रथ थांबवणं. एवढा मोठा राजा आकडा सांगतोय, समोर स्वयंवराची घाई, आणि हा म्हणतो थांबा, मी मोजतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला आपली विजयी मालिका सांगेल, किंवा तुम्हीच स्वतःला सांगाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. किती हात झाले? एका वाईट हाताला किती जाऊ शकतात? आणि याच गाडीत बसलेले बाकीचे किती जण होते, ते कुठे उतरले? पहिल्या प्रश्नाला 'सहा आठवडे' हे उत्तर नाही, हातांचा आकडा लागतो. दुसऱ्याला 'तसं होत नाही' हे उत्तर नाही. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसतं. मग नोकरी, पीएफ आणि बहिणीची फी यांतलं काहीही त्या मालिकेवर लावू नका.

रुपयाच्या बुटीने गणपतीत घरच्यांशी खेळायचंच असेल तर खुशाल खेळा. काका सलग चार डाव जिंकले तर 'पानं लागतायत' म्हणून चिडवाही. सकाळची मिसळ काकांकडून वसूल करायची, मात्र विसरू नका.